मान वर करून

तो दुकानात आला तेव्हा त्याच्या हातात एकच बूट होता. उजवा.

"आणि डावा?" तिनं विचारलं.

"डावा ठणठणीत आहे."

बूट-चपला दुरुस्तीचं दुकान तिच्या बाबांचं. सहा वर्षं तीही त्यांच्या जोडीला बसत होती, आणि तळ बघून माणूस ओळखायची तिला खोडच लागली होती. या बुटाची टाच शाबूत होती, अंगठ्याखाली मात्र चांगलं वाटोळं भोक.

"शिलाई मशीन चालवता?"

"नाही, गिटार वाजवतो."

"पायानं?"

तो कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं समजावलं — गिटारची वायर सरळ स्पीकरला जात नाही, मध्ये जमिनीवर तीन पेडलं असतात. लोखंडी डब्याच, वर एकेक बटण. पायानं दाबलं की एक आवाज जाड करतं, एक थरथरवतं, एक सुरामागे प्रतिध्वनी सोडतं...

"रविवारी संध्याकाळी बागेत वाजवतोय. या ना... बूट कसा चालतो ते बघायला."

"बूट बघायला?"

"हो... म्हणजे, बूटच."

ती गेली. वाजवत होता झकास, पण तासभर मान खाली. शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली, "काही पडलंय का हो त्याचं?"

मंगळवारी तो दुकानात हजर. "कसं वाटलं?"

"टाळू छान आहे तुमची. तासभर तीच बघितली."

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "एकदा हळुवार गाण्यात चुकून जाड आवाजाचं बटण दाबलं गेलं. अख्खं सभागृह हसलं. तेव्हापासून नजर उचलायची हिंमतच होत नाही."

"उद्या ती पेडलं घेऊन या," ती म्हणाली.

तीन दुपारी खपून तिनं तळाच्या रबराच्या चकत्या कापल्या — एक उंच, एक बसकी, एक खरबरीत — आणि बटणांवर चिकटवल्या. पायाला फरक कळावा म्हणून बुटाचा तळही पुढून तासून पातळ केला.

"डोळे मिटा. हे कुठलं?"

"प्रतिध्वनी."

"आणि हे?"

"हे... मऊ आहे. हे कुठलं?"

"माझा हात. पाय काढा आधी!"

बाबा कोपऱ्यात टाका घालता घालता उगाचच खोकले.

पुढच्या रविवारी त्यानं पहिल्याच गाण्यात मान वर केली. पाय आपली बटणं शोधत होता आणि तो लोकांकडे बघत होता. मग तिसऱ्या रांगेत ती दिसली... आणि नजर तिथेच राहिली.

कार्यक्रम संपल्यावर ती वायरी गुंडाळू लागली. "शेवटच्या गाण्यात प्रतिध्वनी दाबायचा विसरलात."

"विसरलो नाही. तुमच्याकडे बघत होतो — पाय हलवायचं सुचलंच नाही."

"म्हणजे माझी मेहनत पाण्यात?"

"तसं नाही... तुम्ही मला आवडता. रोज दिसलात तर सवय होईल, मग चुकणार नाही."

तिनं हातातली वायर नीट गुंडाळून पेटीत ठेवली. चेहरा गरम झालाय हे तिला कळत होतं.

"उद्या सोमवार. दुकान बंद असतं," ती म्हणाली.

"अच्छा," तो पडेल आवाजात म्हणाला.

"म्हणून तर सांगतेय. मी मोकळी आहे. चार वाजता ये."

"ये?"

"हो," ती म्हणाली. "ये."