तांबे गुरुजींचे तीन नकार

फोन वाजला तेव्हा करुणा मोहिते एकटीच जेवत होती.

"तुम्ही पुस्तकं तपासता ना?" पलीकडचा आवाज म्हातारा होता, पण शाळेत मुरलेला. "मी रामजी तांबे, नाचणे गावात राहतो. माझ्या सात वह्या आज बंबात घालणार आहे. त्याआधी कुणीतरी एकदा वाचाव्यात, एवढंच."

करुणाने ताट झाकलं, हात धुतला आणि रिक्षा पकडली.

शहरातल्या एका दैनिकात तिने चोवीस वर्षं रोज मध्यरात्रीच्या आत पानं लावली होती. आता घरी बसून ती लोकांची हस्तलिखितं संपादित करायची. तेव्हाची शिस्त अजून सुटली नव्हती. आधी कागद बघायचा, मग माणूस.

गुरुजींच्या पडवीत दोन खुर्च्या होत्या, मध्ये स्टूल. स्टुलावर वह्या आणि तीन टाईप केलेली पत्रं.

"काचबिंदू आहे," गुरुजी म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, वर्षभर दिसेल. त्याला आठ महिने झाले. माझं पुस्तक मला माझ्या डोळ्यांनी वाचायचं होतं. आता मुंबई, पुणे, नागपूर, तिन्हीकडच्या संपादकांनी नको म्हटलंय."

करुणाने पत्रं वाचली. प्रत्येक पान भरून होतं. प्रत्येकात क्रमवार कारणं. मुंबईच्या पत्रातलं चौथं कारण तिने दोनदा वाचलं: 'छत्रीच्या आठवणीसारखे घरगुती प्रसंग वाचकास गुंतवत नाहीत. सबब, सर्व प्रकरणे पुन्हा लिहून काढावीत.'

"वह्या तुम्ही लिहिल्यात?"

"मी सांगतो, हरिभाऊ लिहितात. हरिश्चंद्र मांडवकर. कोर्टात पेशकार होते, न्यायाधीशांच्या हाताखाली. रोज पाचच्या ठोक्याला येतात. मी मध्येच म्हणतो, हे राहू दे, की पेन उचलून धरतात. मी पुढे चाललो की टेकवतात."

"संगणकावर कोण घालतं?"

"मैना. नाक्यावर तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. मेलचा पत्ता माझ्या नावाचा, माझ्या मुलाने काढून दिला. धम्मदीप, डोंबिवलीला असतो. आलेली उत्तरं हरिभाऊ वाचून दाखवतात."

"म्हणजे पासवर्ड तिघांकडे. मैना, धम्मदीप, हरिभाऊ."

"हो. आणि तो मला आठवत नाही."

"बंब दोन दिवस गार राहू द्या, गुरुजी."

तिने वह्या घरी आणल्या. सवयीने कोऱ्या कागदावर याद्या केल्या: माणसं, गावं, वस्तू. पावसजवळची एकशिक्षकी शाळा. छप्पन्न साली दीक्षा घेऊन आलेले वडील. गुरुजींच्या पत्नी सुंदराबाई पानोपानी होत्या, भात लावताना, सुकट निवडताना, कंदिलाची काच पुसताना. वस्तूंच्या यादीत कंदील, इरलं, पाटी, शिवणयंत्र आलं. सातवी वही संपली तेव्हा बाहेर उजाडलं होतं. लेखन चांगलं होतं. नुसतं चांगलं नव्हे, छापण्याजोगं होतं.

मग तिघांनी नको का म्हणावं?

पुण्याच्या संपादक मृणाली यांचा नंबर पत्रात नव्हता. तो तिने जुन्या सहकाऱ्याकडून मिळवला.

"नकार?" मृणाली म्हणाल्या. "मी कशाला नकार देईन? पहिलं प्रकरण आलं, मी नमुन्यादाखल चार पानं संपादित करून पाठवली. एक प्रश्नही विचारला होता. उत्तर आलं की लेखकाने विचार बदललाय. मी आठवडाभर हळहळले."

"तुम्ही एखाद्याला नाही म्हणता तेव्हा काय लिहिता?"

"दोन ओळी. सध्या हातात काम आहे, क्षमस्व. कारणं लिहीत बसायला वेळ कुणाला?"

मृणालींनी दोन्ही मेल पुढे पाठवले. उत्तर गुरुजींच्याच पत्त्यावरून गेलं होतं.

करुणा नाक्यावर गेली. मैना आधारकार्डांच्या प्रती काढत होती.

"टाईप मीच केलं, ताई. वहीत असेल तेवढं. बायको गेली तो भाग टाईप करताना मशीन बंद करून बसले होते मी."

"आलेली उत्तरं कोण बघतं?"

"मेल उघडून देते, मग ज्याचं तो बघतो. माझ्या डोक्यावर हे गिऱ्हाईक."

"ज्याचं तो म्हणजे?"

"हरिभाऊ येतात. कधी धम्मदीपदादा गणपतीत आला की तो. हरिभाऊंना टाईप करायला लागलं तर ते स्वतःच करतात, मला हात लावू देत नाहीत. म्हणतात, तुझ्या समासाला शिस्त नाय."

धम्मदीपने चौथ्या प्रयत्नात फोन उचलला. मागे कारखान्याचा भोंगा वाजत होता.

"खरं सांगू? मला ते पुस्तक नको होतं. कोण कुणाला विहिरीवर पाणी भरू देत नव्हतं, हे आता कशाला उगाळायचं?"

"मग थांबवलंत?"

"बाबांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, तू वाचू नकोस. मी काय करणार?"

"आई आणि छत्री, काही आठवतं?"

"छत्री? आईकडे छत्री नव्हतीच कधी."

दुसऱ्या दिवशी पाचला पाच मिनिटं कमी असताना करुणा पडवीत जाऊन उभी राहिली. पाचच्या ठोक्याला फाटक वाजलं. हरिभाऊंचा शर्ट इस्त्रीचा होता, खिशाला दोन पेनं.

"बसा, हरिभाऊ," करुणा म्हणाली. "गुरुजी, छत्रीची आठवण कुठल्या वहीत आहे?"

गुरुजी गोंधळले. "ती मी राहू दे म्हटलं होतं. पण मुंबईच्या पत्रात तिचं नाव आलं. मला वाटलं, हरिभाऊंनी लिहिली असेल. मला कुठे वहीतलं दिसतंय?"

"सातही वह्यांत छत्री नाही. मुलाला सांगितली होती?"

"कुणालाच नाही. लाज वाटायची."

"मैनाने टाईप केलं ते वहीतलं. तिला छत्री माहीत असणं शक्य नाही. धम्मदीपला माहीत नाही. मुंबईच्या संपादकाकडे तर पहिलंच प्रकरण गेलं होतं. छत्री फक्त या पडवीत बोलली गेली. ऐकणारा एकच होता. पेन उचलून धरणारा."

हरिभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला नाही.

"पत्रं संपादकांची नाहीत," करुणा पुढे म्हणाली. "संपादक दोन ओळींत नाही म्हणतो. ही पत्रं म्हणजे निकालपत्रं आहेत. क्रमांक, कारणं, सबब. गुरुजींना दिसत नव्हतं. नुसतं तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं, मग तुम्ही कधीच सापडला नसता. कागद का केलात?"

"कारणं नोंदवल्याशिवाय अर्ज फेटाळता येत नाही," हरिभाऊ हळू म्हणाले. "छत्तीस वर्षांची सवय. कारणं सुचेनात. लिखाणात दोष सापडेना. मग आठवेल ते घातलं."

"पण का?" गुरुजींनी विचारलं.

परसात नारळाची झावळी पडली.

"पुन्हा लिहा म्हटलं की पुन्हा पाच वाजतात," हरिभाऊ म्हणाले. "पोरं मुंबईला. घरी बोलायला रेडिओ. पुस्तक झालं की पाच वाजता मी कुठे जाणार, गुरुजी?"

"आठ महिने, हरिभाऊ." गुरुजींचा आवाज चढला नाही. "तुम्ही बसलात तिथे मला आता नुसता पांढरा शर्ट दिसतो. चेहरा नाही दिसत."

हरिभाऊ उठले. पायरीवर क्षणभर अडखळले. फाटक वाजलं नाही, इतक्या हळू ते गेले.

करुणाने मृणालींची चार पानं वाचून दाखवली. शेवटी तो प्रश्न होता: 'सुंदराबाई सगळीकडे आहेत, पण बोलत कुठेच नाहीत. त्यांचं एक तरी वाक्य तुम्हाला आठवतं का?'

गुरुजींनी मान खाली घातली.

"माझी संपादक हीच," ते म्हणाले. "तुम्ही रागावू नका."

"मीही हीच निवडली असती. पहिली प्रत मोठ्या अक्षरांत काढू, एकट्या तुमच्यासाठी. उशीर करायचा नाही."

दुसऱ्या दिवशी ती पाचला आली. दुसरी खुर्ची तिथेच होती, कुणी हलवली नव्हती. रस्त्यावर चपलांचा आवाज आला आणि फाटकाशी थांबला. गुरुजींनी कान टवकारले. दोन मिनिटं गेली. चपला परत फिरेनात, आतही येईनात.

"कडी लावलेली नाही," गुरुजी मोठ्याने म्हणाले.

हरिभाऊ आले, बसले. खिशातलं पेन काढायला त्यांना वेळ लागला.

"लिहा," गुरुजी म्हणाले. "शाळेचा पहिला दिवस. घरात एकच छत्री, शेजाऱ्याची मागून आणलेली. ती तिने माझ्या हातात दिली. स्वतः डोक्यावर गोणपाट घेऊन लावणीला निघाली. मी म्हटलं, तू भिजशील. तर म्हणाली..."

ते थांबले. हरिभाऊंनी सवयीने पेन उचललं.

"टेकवा," गुरुजी म्हणाले. "हे राहू द्यायचं नाही. म्हणाली, मास्तर भिजून गेला तर पोरं हसतील. मला कोण बघतंय."