उकंडाच्या नावापुढचं ‘येतो’

दिवे गेलेत तोवर सांगते. तसंही ही गोष्ट मी उजेडात सांगत नाही, रंगत नाही.

कपाशीचे ते वाईट दिवस, फवारणीच्या विषाने माणसांमागून माणसं दगावत होती. मारेगावकडच्या एका छोट्या दवाखान्यात मी औषधं द्यायला होते आणि त्या दुपारी भलतीच खुशीत होते. आमच्याकडे दोन नवी यंत्रं आली होती, तळहाताएवढी, प्लास्टिकच्या पेनाने टोचायची. आम्ही त्यांना पाटी म्हणायचो. वॉर्डात कुंदा सिस्टरने मागणी टोचली की माझ्या खोलीतली पाटी टिण् वाजायची. वापरून पाहायचं आणि कागदापेक्षा बरी की नाही ते आम्ही सांगायचं, असं ठरलं होतं. घामट बोटांत पेन घसरायचं, चार्जिंग पुरायचं नाही आणि झालेली चूक कॉम्प्युटर सुरू असल्याशिवाय दुरुस्त व्हायची नाही. तरी मी तिच्यावर लट्टू होते.

तिच्या मराठीने मात्र पहिल्याच दिवशी घोळ घातला. बरा होऊन घरी निघालेल्या पेशंटपुढे कंपनीने ‘गेला’ लिहिलं होतं. कुंदा सिस्टर भडकली. “चांगल्या मानसाले गेला म्हनतेत का? घरी जानारा ‘येतो’ म्हनते.” मग दोन बटणं झाली. घरी जाणाऱ्याला ‘येतो’, म्हणजे त्याचं औषधखातं पुढच्या भेटीसाठी उघडं. वारलेल्याला ‘गेला’, म्हणजे खातं बंद. दोन्ही बटणं एकमेकांना चिकटून.

त्या दुपारी आभाळ इतकं भरून आलं होतं की वॉर्डात माणसाचा चेहरा दिसेना. फवारणीचं विष भिनलेली दोघं भावंडं शेजारच्या पलंगांवर होती. भाऊ उकंडा वारला. बहीण दीपमाला बेशुद्धीतच होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं. विषावर उतारा म्हणून द्यायच्या ॲट्रोपिनच्या इंजेक्शनांवर ती तगून होती आणि ती इंजेक्शनं एका डब्यापुरतीच उरली होती. यवतमाळहून नवा साठा निघाला होता, पण नाल्याला पूर आल्याने गाडी अडकली होती.

उकंडाची नोंद मीच केली. पेन घसरलं. ‘येतो’ दाबलं गेलं आणि तेवढ्यात वीज गेली.

होईल दुरुस्त नंतर, असं म्हणत मी खोलीत आले. पाटी वाजली. वीज नव्हती, दोन्ही पाट्यांमधला कॉम्प्युटर बंद, म्हणजे वॉर्डातून काही यायला वाटच नव्हती. मागणी होती ॲट्रोपिनची. पेशंट, उकंडा.

मी धावत वॉर्डात गेले. त्याचा पलंग रिकामा होता, गादीसुद्धा काढलेली. कुंदा सिस्टरने हातच लावला नव्हता पाटीला. पुन्हा टिण्. पुन्हा उकंडा. खोलीत परतले तर फवारणीच्या विषाचा उग्र वास कोंडला होता. मी डबा उघडला. काचेच्या कुप्या जशाच्या तशा, एकीचीही मान मोडलेली नव्हती. पण दोन सोडून सगळ्या रिकाम्या... हलवून पाहिल्या, आत थेंब नाही.

खरं सांगू? भीती वाटली, पण त्याहून जास्त अंगात वीज खेळत होती. असलं काही आपल्या वाट्याला येतं कधी?

“सिस्टर, तो औषध नेतोय...”

कुंदा सिस्टर हळूच बोलली. “गुंजन, तूनं येतो म्हनून पाठोलं त्याले. म्हून येऊन राह्यला. आता जा म्हन, नाईतं पोरगी हातची जाते.”

निघालेल्या माणसाला ‘जा’ म्हणायची आपल्याला सवय नाही. जीभ उचलेना. रिकाम्या पलंगापाशी उभी राहून मी कसंबसं म्हटलं, “उकंडाभाऊ... जा.”

वास विरला. उरलेल्या दोन कुप्या भरलेल्याच राहिल्या. कुंदा सिस्टरने त्यातली एक उचलली, दीपमालाची पापणी वर केली आणि थांबली.

“गुंजन... हिले कोनं देल्लं?”

विषाने टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या आता टपोऱ्या झाल्या होत्या. तोंड कोरडं, नाडी धावती. औषध पुरेपूर लागलं होतं. आम्ही कुणीच दिलं नव्हतं.

शुद्धीवर येत दीपमाला पुटपुटली, “दादाले काहून हाकललं...? तोच तं देऊन राह्यला होता.”

मला रडू फुटलं. या औषधाचा असर टिकत नाही, पुन्हापुन्हा द्यावं लागतं. आणि आता दोनच कुप्या, पुढे अख्खी रात्र.

मी पाटी उचलली. चार्जिंग संपत आलं होतं. उकंडाचं नाव शोधलं, पेन दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि या वेळी जाणूनबुजून ‘येतो’ दाबलं. दाबतच राहिले.

वास आला. पहिल्यापेक्षा कितीतरी उग्र, डोळ्यांतून पाणी काढणारा. सगळा वॉर्ड त्याने भरून गेला.

दीपमाला हसली. “आला दादा...”

मग तिची नजर दारापासून भिंतीपर्यंत सावकाश फिरली.

“अन् त्याच्या संगं हे बाकीचे कोन हायेत?”