सबिनाचा मुकुट

त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं, की दारात उभा राहिलेला माणूस मला आधी नुसता ओला कोट वाटला. मग कोट बोलला, "मुकुट हवा होता... परवापर्यंत."

हाझेलबाख गावात मुकुट करायचे ते माझ्या उर्सुला आत्यानं, आणि तिच्या हाताखाली मी. काचमणी, पितळी तार, रेशमी फुलं – गावातली प्रत्येक नवरी आमचाच मुकुट घालून वेदीपुढे उभी राहायची. आलेला होता पाणचक्कीवाला लोरेंझ. नजर खाली, ओठ घट्ट. लाजतोय बिचारा, असं मला वाटलं. माप विचारलं तर म्हणाला, तुमच्याएवढंच असेल. मग काय, आमची स्वारी खुशीत! टेबलावर आत्याचा अर्धा झालेला मुकुट होता, तो मी सरळ डोक्यावर ठेवला आणि मान वाकडी करून विचारलं, "असा शोभेल का तुमच्या नवरीला?"

तो बघतच राहिला.

मागून आत्या आली आणि तिनं माझ्या डोक्यावरून मुकुट ओढून काढला... केसांसकट. लोरेंझची बहीण सबिना पहाटे तापानं गेली होती. मी सकाळभर बाजाराला गेलेली, मला काहीच ठाऊक नव्हतं; आत्यानं मात्र चर्चची मरणाची घंटा ऐकून, कोण गेलं ते विचारून तो मुकुट सबिनासाठीच करायला घेतला होता. लग्नाआधी गेलेल्या मुलीच्या शवपेटीवर आमच्याकडे नवरीचा मुकुट ठेवतात, मग तो चर्चच्या भिंतीवर टांगतात. आणि असा मुकुट जी डोक्यावर चढवते, तिला ती मेलेली मुलगी वर्षाच्या आत सोबतीला घेऊन जाते.

त्या दिवसापासून माझ्या कपाळाभोवती एक गार कडं बसलं. खरंच सांगते – शेगडीपाशी बसले तरी तेवढं बोटभर कातडं थंडगार.

दर शनिवारी लोरेंझ पिठाची पिशवी घेऊन यायला लागला. पीठ हे निमित्त. मी जिवंत आहे का, ते बघायला यायचा.

"कशा आहात?"

"मी? परवाच गेले की. हे भूत बोलतंय."

"भुतं इतकी बोलत नाहीत."

"तुम्हाला काय माहीत? किती भुतांना पीठ पोचवलंय आजवर?"

तो हसायचा, आणि लगेच ओशाळायचा. उन्हाळ्यात नदीकाठी चालता चालता कधी तरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. पण लग्नाचा विषय काढला की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. वर्ष सरू दे, एवढंच म्हणायचा. आणि चर्चमध्ये मी कुठंही बसले, तरी सबिनाच्या मुकुटाची पांढरी फीत माझ्याकडे वळलेली असायची. खिडक्या बंद, वारा नाही... आत्यानंही ते पाहिलं होतं. ती नुसती जागा बदल म्हणाली.

पुन्हा नोव्हेंबर आला. वर्षाला दोन आठवडे उरले आणि लोरेंझ एकाएकी यायचा थांबला. दोन दिवस वाट पाहून मीच चक्कीवर गेले. तो जात्याच्या दगडाकडे बघत उभा होता.

"मी तेव्हा तुला थांबवायला हवं होतं," तो म्हणाला. "मुकुट कुणाचा, ते मी ओळखलं होतं. पण तू मान वाकडी केलीस ना... क्षणभर घरात बहीण मेलीय हेच विसरलो. मला आनंद झाला, रोझिना. तुला काही झालं, तर ते त्या आनंदापायी."

मला रडू आलं आणि रागही. वर्षभर हा माणूस माझ्या मरणाची राखण करत बसला होता, आणि माझा जीव होता याच्यावर.

"दोन आठवडे सरले की तू आणखी दोन मागशील," मी म्हणाले. "सबिनाला मला न्यायचंच असेल, तर तुझी ठरलेली बायको म्हणून नेऊ दे. रविवारी पाद्रींना चर्चमध्ये सगळ्यांसमोर आपलं लग्न जाहीर करायला, पुकार करायला सांग."

तो रविवार मृतांचा. त्या दिवशी पाद्री वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात. त्याच दिवशी लग्नाची पुकार करायला ते कां कू करत होते, पण या वेळी लोरेंझ हटला नाही. आत्या म्हणाली, नवरीनं आपलीच पुकार ऐकायला बसू नये. मी बसले. मुकुटाच्या बरोबर खाली, बाकावर एकटी.

आधी सबिनाचं नाव आलं. मग आमची दोघांची. पुरुषांच्या बाकांवरून लोरेंझ सगळ्या गावादेखत माझ्याकडे बघत होता, आणि त्यानं नजर खाली केली नाही. तेवढ्यात माझ्या कपाळाभोवतीचं कडं सैल झालं... हळूच, कुणी दोन्ही हातांनी उचलून घ्यावं तसं. शेजारी बाकाची फळी करकरली. माझ्या डाव्या खांद्याला गारवा टेकला.

भीती वाटली. खोटं कशाला बोलू? पण ती आता माझी नणंद होती.

"या, वन्सं," मी पुटपुटले, आणि सरकून तिला जागा करून दिली.