न झालेल्या लग्नाची पत्रिका

सकाळी नऊला मोनालीच्या मोबाईलवर एक लग्नपत्रिका येऊन पडली. नवरी वर्षाली. नवरा देवानंद. १४ मे २०१७, नांदगाव खंडेश्वर.

वर्षाली मोनालीची शाळेपासूनची मैत्रीण. हे लग्न कधी झालंच नव्हतं.

मागोमाग अमेरिकेतून वर्षालीचा फोन. आवाज दबका.

"कोणंतरी हे इथल्या सरकारले धाडलं, बिननावाच्या चिठ्ठीसंग. हिचं पहिलं लग्न झालेलं आहे, सोडचिठ्ठी नाई, म्हणे. म्हणजे नितेशसोबतचं आताचं लग्न खोटं. मले देशाबाहेर काढाची केस लावली. सोमवारी तारीख आहे."

"अन् आचल?"

"पोरगी इथंच जन्मली, इथलीच नागरिक. तिले कोणी काढत नाई, बापाजवळच राहीन. एकटी मीच जाईन. अन् खोटेपणाचा ठपका बसला की परत येता येत नाई. मोना, न झालेलं लग्न झालं नाई, हे कसं दाखवू?"

मोनालीचं अमरावतीत पत्रिका छापायचं दुकान. दहा वर्षांत हजारो पत्रिका तिच्या हाताखालून गेलेल्या. तिनं फोटो मोठा केला. कुलदैवत बरोबर. वडील शेषराव, बरोबर. मामा, कै. उत्तमराव, पातूर. निमंत्रक म्हणून चुलतभाऊ खुशालराव, मग आत्या, मग जावई. मजकूर बाहेरच्यानं लिहिलेला वाटत नव्हता. तेच तिला खटकलं.

ती पहिले अकोल्याला गेली. देवानंदचं तिथं बियाण्याचं दुकान.

"माहं लग्न झालं अन् मलेच पत्ता नाई," तो म्हणाला. "आत बायको आहे. हळू बोल."

"वर्षालीनं तुले नाही म्हटलं होतं. राग होता?"

"होता. चार दिवस. पाह्याले आलो तवा मीबी फक्त पोह्यालेच चांगलं म्हटलं होतं."

"तिचे मामा आठवतात?"

"पातूरचे? पाह्याच्या कार्यक्रमात सारं तेच तर बोलले. कसे आहेत आता?"

संध्याकाळची गाडी धरून मोनाली परतली.

दुसऱ्या दिवशी नांदगावात. वर्षालीचे सख्खे काका महादेवराव. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भावाशी, शेषरावांशी भांडण, तीन वर्षांपासून बोलणं बंद. गावात सगळ्यांचं बोट त्यांच्याकडेच.

"वर्षालीवर राग काढला काय, काका?"

"भांडण भावासंग आहे. पोरीनं माहं काय बिघडवलं?"

"दोन हजार सतरात भांडण होतं?"

"तवा एका चुलीवर जेवत होतो. तिचं लग्न असतं तर मांडव म्याच टाकला असता." त्यांनी मोबाईल हातात घेतला, वरून खाली वाचलं. पुन्हा वाचलं. "माहं नाव नाई यात."

मोनाली उठली. शेषरावांचं घर दोन गल्ल्या सोडून. तेवढं अंतर तिला लांब वाटलं.

शेषराव ओट्यावर एकटेच बसले होते. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली.

"सापडला काय कोणी?"

"हो, काका. ही पत्रिका सतराची नाई. उत्तममामा एकवीसमध्ये गेले. सतराच्या पत्रिकेत त्यांच्या नावापुढं 'कै.' कसं?"

मोनालीनं मोबाईल त्यांच्यासमोर धरला.

"देवानंदले मामा गेल्याचं ठाऊकच नाई. म्हणजे लिहिणारा घरचा. लग्न खोटं लिहिलं, तारीख खोटी लिहिली, पण मेलेल्या माणसाले जितं लिहाले हात धजला नाई. 'कै.' लिहाचं राहिलं तर लोक पूर्ण गठ्ठा परत छापाले लावतात. मी रोज पाहते."

"मंग महादेव असन."

"मलेबी तसंच वाटलं. पण त्यांनी केली असती तर खरी दिसावी म्हणून सख्ख्या काकाचं नाव पहिले टाकलं असतं. सतराच्या खऱ्या पत्रिकेत ते असतंच. महादेवकाकांचं नाव खोट्या कागदावरबी लिहाले ज्याले जड गेलं, असा घरात एकच माणूस आहे."



"तिची आई गेली. दिवसदिवस घरात आवाज नसते. तिकडून काढलं तर घरी येईन, म्हटलं. नात घेऊन येईन. सरकारचा पत्ता तिच्या घरी राहिलेल्या व्हिसाच्या कागदावर होता."

"आचल येणार नाई, काका. ती तिथली आहे. तुमची पोरगी एकटी येईन, लेकरू तिकडं टाकून."

"हे मले कोणं नाई सांगतलं."

"तुमी कोणाले इचारलं?"

शेषराव उठले. मग आत जाऊन त्यांनी सदरा बदलला.

अमरावतीच्या नोटरीसमोर त्यांनी सगळं लिहून दिलं. पत्रिका कधी केली, कुठं छापली, कोणी पाठवली. सही केली. कागद वर्षालीच्या अमेरिकेतल्या वकिलाला मेल झाला.

"वर्षालीले कळन काय?"

"न्यायाधीशासमोर वाचतील. तिच्यासमोरच."

"मंग मीच सांगतो."

फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"बाबा," वर्षाली म्हणाली, "मोनानं सांगतलं, सापडला म्हणे. कोण होता हो तो मेला?"