दादासाठी कॅमेरा

वाळूत एक माणूस पालथा पडला होता.

बेझंट नगरचा किनारा, सकाळची वेळ, ऊन अजून कोवळं. कोपर वाकलेलं, गाल वाळूला टेकलेला आणि हालचाल काहीच नाही. फिरायला आलेले लोक त्याला वळसा घालून चालले होते. मी ऊर्मीचा हात घट्ट धरला, पिशवीतून पाण्याची बाटली काढली — माझ्या पिशवीत बाटली, ग्लुकोज, बँडेज, जादा फ्रॉक, सगळं असतंच — आणि त्याच्या मानेवर सरळ पाणी ओतलं.

“अहो! ऐकू येतंय का? अहो!”

तो ताडकन उठून बसला. हातात कॅमेरा होता. तो त्याने आधी पुसला, मान नंतर.

“अय्यो... गेला.”

“कोण गेला?”

“खेकडा. कितीतरी वेळ वाट पाहिलों त्याची. आत्तां बिळांतून डोकें काढत होता.”

मी मराठीत विचारलं होतं आणि त्याने मराठीत उत्तर दिलं होतं, हे आम्हा दोघांच्या जरा उशिराच लक्षात आलं.

“तुम्ही... मराठी?” मी विचारलं.

“आम्ही तंजावरचे. तीनशें वर्षांमागें आलेलों. तुम्ही?”

“सांगलीची. मागच्या वर्षी आले. बँकेत आहे, अड्यारला बदली झाली.”

“मग पाहुण्या तुम्ही,” तो हसला. कानामागून पाणी ओघळत होतं. “पाहुण्यांनीं पाणी द्यायचें नसतें हो. घ्यायचें असतें.”

मला हसू आलं. परक्या माणसासमोर असं सहज हसू येऊन किती दिवस झाले होते...

त्याचं नाव सेतुमाधव. रेल्वेच्या डबे बनवण्याच्या कारखान्यात ड्रॉइंग विभागात होता, आईबरोबर तिरुवल्लिकेणीच्या एका जुन्या गल्लीत राहायचा, आणि रविवारी सकाळी इथे यायचा. पुढच्या रविवारी आम्हीही गेलो. त्याच्या पुढच्याही. ऊर्मी त्याला नुसतं ‘सेतू’ म्हणायची. त्याने तिला वाळूवर पालथं पडून खेकड्याची वाट बघायला शिकवलं. माझी पाच वर्षांची वादळासारखी पोर श्वास रोखून पडून राहायची, आणि मी दोघांवर पहारा करत बसायची.

पहाराच म्हणायचा तो. रस्ता ओलांडताना तो तिचा हात कसा धरतो, चिडतो का, किनाऱ्यावरचं सुंडल, म्हणजे उकडलेले चणे, घेऊन देण्याआधी मला विचारतो का... विचारायचा. दर वेळी. ऊर्मीला तो ‘पाप्पा’ म्हणायचा, म्हणजे तमिळमध्ये छकुली. “पाप्पाला देऊं?” म्हणून माझ्याकडे बघायचा, आणि ते बघणं गरजेपेक्षा किंचित लांबायचं.

तेवढ्याचीच मला धास्ती होती. ऊर्मीचा बाबा घर सोडून गेला तेव्हा ती दोन वर्षांची होती. ‘बाबा कधी येणार’ असं ती खूप दिवस विचारायची. मग एक दिवस विचारायची थांबली, आणि त्या दिवशी मी सर्वांत जास्त रडले. आता पुन्हा कुणाची तरी सवय तिला लावायची, आणि तो माणूस गेला की मग... नको. रविवार आहेत तेवढे पुरेत, असं मी ठरवलं होतं.

पण रविवारच धोक्यात आले. तो कॅमेरा त्याचा नव्हताच. त्याचा स्वतःचा खाऱ्या हवेने कधीच बंद पडला होता, आणि हा त्याच्या मित्राचा, गिरिधरचा होता. गिरिधर दसऱ्यानंतर कोइमतूरला चालला होता, कॅमेऱ्यासकट.

“कॅमेरा नसला तर रविवारीं इथें येऊन काय करूं?” सेतुमाधव म्हणाला. अगदी सहज. मग माझ्याकडे बघत थांबला — मी काहीतरी बोलेन म्हणून.

मी समुद्राकडे पाहिलं. “पोहायला शिका,” मी म्हणाले.

घरी येईपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या. आणि संध्याकाळी त्याला मेसेज केला: ‘माझ्या दादाला कॅमेरा भेट द्यायचाय. मला त्यातलं काही कळत नाही. निवडायला याल?’

रिची स्ट्रीटच्या एका जिन्यावर जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं. काचेच्या कपाटांतून शंभर डोळे आमच्याकडे बघत होते.

“दादा काय काढतात?” सेतुमाधवने विचारलं.

“पक्षी. होड्या. खेकडे.”

“सांगलींत खेकडे?”

“नदीतले.”

“बरें. उंच आहेत?”

“तुमच्याएवढाच.”

“हात मोठा? कॅमेरा हातांत बसायला हवा, म्हणून पुसतों.”

मी त्याच्या हाताकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ. “असाच आहे... साधारण.”

“चष्मा?”

“आहे.”

“फार चांगला माणूस दिसतो,” तो गंभीरपणे म्हणाला आणि कपाटाकडे वळला.

त्याने माझ्या पैशांची काळजी माझ्यापेक्षा जास्त घेतली. नवा नकोच म्हणाला. बॉडी जुनी चालते, लेन्स मात्र स्वच्छ हवी. दुकानदाराने पुढे केलेले दोन चकचकीत कॅमेरे त्याने टॉर्चच्या उजेडात बघून परत केले, कारण लेन्सच्या आत बुरशीची जाळी होती. शेवटी एक छोटा, हलका, स्वस्त कॅमेरा माझ्यापुढे ठेवला. “दादांना हा पुरे.”

पण मी काचेकडे बघतच नव्हते, त्याच्याकडे बघत होते. मघाशी त्याने कोपऱ्यातला एक काळा कॅमेरा उचलला होता, कडेला लांब ओरखडा असलेला. डोळ्याला लावला, खिडकीबाहेर तारेवर बसलेल्या कावळ्यावर धरला, आणि त्याचा श्वास थांबला. अगदी वाळूवर थांबतो तसा. मग त्याने तो इतका हळू खाली ठेवला, की जणू झोपलेलं मूल.

“आणि तो?” मी विचारलं.

“तो... दादांना जड होईल.”

“जड की महाग?”

“दोन्ही,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने नजर चुकवली.

‘दादाला विचारून सांगते’ म्हणून आम्ही खाली उतरलो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एकटी परत गेले. ओरखड्यावर बोट ठेवून इतकी घासाघीस केली, की दुकानदाराने हात जोडले. माझ्या आवाक्याच्या अगदी काठावर, पण आत.

“सारुक्कु सरप्राइजा, मॅडम?” साहेबांसाठी सरप्राइज का, असं खोका बांधताना त्याने विचारलं.

मी चक्क हो म्हणाले.

नवरात्रात त्याच्या आईने, भवानीअम्मांनी, आम्हाला गोलू, म्हणजे नवरात्रातली बाहुल्यांची आरास, बघायला बोलावलं. आम्हाला जमलं ते नेमकं आयुधपूजेच्या दिवशी. बाहुल्यांच्या पायऱ्या छतापर्यंत गेल्या होत्या. खाली सरस्वतीपुढे पुस्तकं, सेतुमाधवच्या पट्ट्या-पेन्सिली आणि अम्मांचं शिवणयंत्र, सगळ्यांना गंध-कुंकू लावलेलं. मी खोका पुढे केला.

“दादा... नको म्हणाला. म्हणून म्हटलं, तुम्हाला—”

“कुठला दादा?” ऊर्मीने सुंडलने भरलेल्या तोंडाने विचारलं. “आई, तुला दादा आहे? मग माझा मामा कुठेय?”

खोलीतल्या सगळ्या बाहुल्या माझ्याकडे बघताहेत असं मला वाटलं.

सेतुमाधवने खोका उघडला. ओरखडा पाहिला, आणि त्याचे कान लाल झाले. भवानीअम्मा आल्या, त्याच्या हातून कॅमेरा घेतला, त्याला गंध लावलं, कुंकू लावलं आणि पुस्तकांशेजारी ठेवून दिला.

मग कॅमेरा संध्याकाळभर तिथेच राहिला. सेतुमाधवने त्याला बोटही लावलं नाही. डोळ्याला लावून एकदा बघेल, ऊर्मीचा बाहुल्यांजवळ फोटो काढेल... मी वाट बघत राहिले.

“सेतू, माझा फोटो काढ ना!”

“आज नाहीं, पाप्पा,” तो म्हणाला आणि कॉफी आणायला आत निघून गेला.

मला कळायचं ते कळलं. मी फार दिलं होतं, फार सांगितलं होतं, त्यात खोटंही बोलले होते. विडा आणि हळदकुंकू घेऊन मी घाईने निघाले. तो रिक्षापर्यंत आला, काहीतरी बोलू लागला. “ऊर्मीला झोप आलीय,” मी म्हणाले आणि रिक्षावाल्याला चला म्हटलं. ऊर्मी टक्क जागी होती. “रविवारी जायचं ना?” तिने विचारलं. मी तिचे केस सारखे करत बसले.

सकाळी बेल वाजली. बाहेर बारीक पाऊस होता. दारात सेतुमाधव, नुकतीच अंघोळ केलेला, आणि छातीशी छत्रीआड धरलेला कॅमेरा. कुंकू अजून तसंच.

“काल हात लावतां येत नव्हता,” तो एका दमात म्हणाला. “पूजेला ठेवलेलें आयुध दुसऱ्या दिवशींच उचलायचें. तें सांगायला आलों तर तुम्ही रिक्षेंत. मला रात्रभर झोंप नाहीं.”

“आमच्याकडे तर बाबा स्कूटरला हार घालायचे आणि त्याच स्कूटरवरून श्रीखंड आणायला जायचे!” मी म्हणाले. “मला वाटलं...”

“ठाऊक आहे काय वाटलें. अम्मा म्हणाली, ‘ती पोर घाबरून गेली, जा.’” त्याने कॅमेरा छातीशी सावरला. “विजयादशमीला सुरू केलेलें टिकतें म्हणतात. म्हणून आज आलों.”

“कॅमेरा सुरू करायला?”

“तोही.”

पाऊस जिन्यावर टिपटिपत होता. मी दाराची कडी धरून उभी.

“मला भीती वाटते,” मी म्हणाले. “माझी नाही. तिची... तिला सवय होईल तुमची.”

“झाली आहे. मलाही झाली आहे तिची.” त्याने चष्म्यावरचं पाणी पुसलं. “म्हणून आधीं हें ऐका. तुम्ही नाहीं म्हणालात तरी रविवार पाप्पाचा राहील. ती मोठी होऊन मला कंटाळेपर्यंत. तें तुमच्या उत्तराला बांधलेलें नाहीं.” मग अगदी हळू — “आतां उत्तर द्या.”

इतके महिने मी त्याच्यावर पहारा करत होते. आणि ज्याची मला भीती होती, ती गोष्टच त्याने उचलून बाजूला ठेवली होती.

“आत या,” मी म्हणाले. “कॉफी टाकते.”

“म्हणजे...?”

“म्हणजे होय. ओले होताय, आत या आता.”

तो आत आला नाही. तिथेच, उंबऱ्यावर, त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढ्यात तोंडात ब्रश घेऊन ऊर्मी धावत आली आणि माझ्या कमरेला बिलगली. खट्.

पहिला फोटो हलला. टूथपेस्टचा फेस, माझी सुटलेली वेणी, दाराची कडी, सगळं एकमेकांत मिसळून गेलेलं.

“हाताला काय झालें माझ्या...” तो पुटपुटला.

“परत काढा,” मी म्हणाले. ऊर्मीला कडेवर उचललं आणि केस नीट न करताच उभी राहिले.