साडेसात मिनिटांचा अर्धा तास

मोजपात्रात दर अकरा सेकंदांनी एक थेंब पडत होता. नॅनो सिलिका न घातलेल्या चिखलातून तो चार सेकंदांनी पडायचा. तेलविहीर खणताना आत सोडलेल्या चिखलातलं पाणी खडकात मुरून जातं; ते थांबावं म्हणून आम्ही हे अतिसूक्ष्म कण त्यात मिसळून पाहत होतो.

विहिरीवर या चिखलाचं काम पाहणारे मड इंजिनिअर पहिल्यांदा आले ते ड्रायव्हर रजेवर होता म्हणून. हातात चिखलाची बादली, भुवईवरही चिखल. चाचणीला अर्धा तास लागेल, असं मी सांगितलं. पूर्ण घ्या, घाई नको, म्हणाले आणि समोरच्या स्टुलावर बसले. ड्रायव्हर कामावर परतला, तरी दर मंगळवारी बादली तेच आणत राहिले. प्रयोगशाळेत त्यांचं नाव पडलं 'चिखलवाले'. ते निमूट ऐकून घेत... आणि माझ्याकडे पाहून हसत.

आता प्रत्यक्ष विहिरीवर चाचणी होणार होती. तीन महिने तिथे राहायला आमच्यातलं कुणीतरी हवं होतं. महिनाभर मी साहेबांना 'विचार करते' एवढंच सांगत होते. तुझा विचार होईपर्यंत जमिनीतलं तेल संपेल, असं ताई फोनवर म्हणायची. पण तीन महिने रोज चिखलवाल्यांसमोर वावरायचं, आणि त्यांच्या मनात काहीच नसलं तर? आज साहेब नाव कळवणार होते.

तुलनेसाठी विहिरीवरचे जुने अहवाल उघडले आणि मी सुन्न झाले. पानापानावर चिखलवाल्यांचंच अक्षर: साडेसात मिनिटांचं माप, गुणिले दोन. झिरपणं पुढे मंदावत जातं, म्हणून साडेसात मिनिटांत जमलेल्या पाण्याची दुप्पट हेच अर्ध्या तासाचं माप धरतात; घाईत असं करतात, हे ठाऊक होतं. पण हे? आधी राग आला तो माझ्या बिघडलेल्या तुलनेचा. मग आठवलं, इथे तर ते दर मंगळवारी पूर्ण अर्धा तास बसून राहत.

ते समोरच बसले होते.

"तुम्ही एकदाही अर्धा तास थांबला नाहीत?"

"विहिरीवर? तिथे कुणाला वेळ आहे, मॅडम."

"मग इथे—"

त्यांचे कान लाल झाले. "इथे साडेसात मिनिटं पुरली नसती."

एकवीस मंगळवार मी थेंब मोजले होते, आणि एवढं मोठं माप नजरेतून सुटलं होतं...

दारात साहेब आले. कुणाचं नाव कळवू, विचारलं. माझं कळवा, मी म्हणाले. साहेब मान हलवून गेले.

चिखलवाले स्टुलावरून अर्धवट उठले होते, तसेच थांबले. मी त्यांच्याकडे वळले.

"आणि चाचणी संपली, तरी मी तुमच्याबरोबरच राहणार आहे."