मिरीची मोहरकी

"दुपारच्या आत म्हाताऱ्यानं पागा सोडायची, असं मी बोलून बसलेय," मालकीणबाई म्हणाल्या. "पण मन खातंय माझं. दार त्यानंच उघडं टाकलं असेल, तर तसं स्पष्ट सांगा."

वर्षभराची घोडी मिरी त्या सकाळी ओढ्याकाठी मेलेली सापडली होती. गळ्यावर बिबट्याचे दात. इकडे पागेचं दार सताड उघडं. त्या दाराला कडी लावायचं काम तीस वर्षं एकाच माणसाचं होतं. तो म्हणजे मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारा. सगळे त्याला म्हातारबा म्हणत.

समोर बसलेल्या वन्संनी मान हलवली. त्यांचा धंदा खासगी तपासाचा. खरं तर त्या फक्त वहिनींच्या वन्सं, म्हणजे नणंदबाई. पण वहिनी थर्मास घेऊन प्रत्येक तपासाला सोबत जायच्या आणि चारचौघांत तशीच हाक मारायच्या, म्हणून त्या जगाच्याच वन्सं झाल्या होत्या.

म्हातारबा पागेत गाठोडं बांधून बसला होता.

"माझंच चुकलं, बाई. हल्ली विसरतो मी. कडी लावलेली आठवतेय, पण ती काल की परवा, देव जाणे. जन्मली तेव्हा या हातांत घेतली होती तिला. या हातांनीच मारली म्हणायची."

"ओढ्यावर जाऊन पाहिलंत तिला?"

"कुठल्या तोंडानं पाहू?"

वहिनींनी पदर डोळ्याला लावला. "वन्सं, यानं तर कबूलच केलं. संपलं की!"

"वहिनी, ती सात घोडी बघा. काय दिसतं?"

"छान आहेत. तोंडं अगदी मोकळी."

घोडेस्वारी शिकवणारा मास्तर बाहेर आपला घोडा बांधत होता. "रात्री म्हातारबा सगळ्यांच्या मोहरक्या उतरवतो," तो म्हणाला. "तोंडावरची दोरी कुठं अडकली, तर घोडं मान मोडून घेतं. उपाशी झोपेल, पण ते चुकवणार नाही."

वहिनींनी सहज दोरीचं लोंबतं टोक ओढलं आणि घोडा मोकळा झाला!

"अगं बाई!"

मास्तर हसला. "आमची गाठ अशीच. एका झटक्यात सुटणारी. घोडं बिथरलं, तर सोडवायला वेळ नसतो. पागेतलं माणूस दुसरी गाठ मारत नाही."

ओढ्यावर वनरक्षक पंज्यांचे ठसे मोजत होता. "मादी आहे. या भागात नवीनच. ठसे सापडतात, पण जनावर अजून कुणी पाहिलेलं नाही."

वन्सं मिरीजवळ वाकल्या. तोंडावर मोहरकी होती. मोहरकीच्या कडीत बोटभर दोरीचा तुकडा, सुरीनं कापलेला. गाठ दगडासारखी घट्ट. शेजारच्या झाडाची साल घासलेली आणि भोवती खुरांनी उकरलेली माती.

"घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरलीय बिचारी," वहिनी म्हणाल्या.

"वा, वहिनी!"

आपण काय एवढं बोललो, ते वहिनींना कळलं नाही.

मालकीणबाईंचे धाकटे दीर ओसरीवर कॅमेऱ्याचं भिंग पुसत होते. रानातल्या जनावरांचे त्यांचे फोटो घरभर लागले होते.

"आठला उठलो तेव्हा कळलं. मी पागेत पाऊल टाकत नाही, मला घोड्यांतलं ओ की ठो कळत नाही. पण बाकीची घोडी जपा. ती फाटक्या कानाची बया पुन्हा येणार."

बाराच्या सुमाराला वन्संनी सगळ्यांना पागेपुढे बोलावलं. म्हातारबा गाठोडं उचलून उभाच होता.

"मिरी आपली आपण गेली नाही," वन्सं म्हणाल्या. "आपली आपण गेली असती, तर तोंड मोकळं असतं. दिवसा मोहरकी असतेच, म्हणून तुम्हा कुणाला ती खटकली नाही. पहाटे कुणीतरी ती चढवली, तिला नेलं आणि झाडाला बांधलं. सुटं घोडं बिबट्याला पाहून सरळ पळतं. गोल फिरतं ते बांधलेलं."

"पण कुणी नेलं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"म्हातारबा किंवा मास्तरांची गाठ झटक्यात सुटली असती. ही आवळत गेली, शेवटी कापावी लागली. म्हणजे पागेबाहेरचं माणूस. आणि बिबटी कुणी पाहिलेली नसताना तिचा कान फाटलाय हे पंज्याच्या ठशावरून कळत नाही. भावजी, कॅमेरा द्या."

दिरांनी कॅमेरा पुढे केला. वन्संनी पडदा मालकीणबाईंपुढे धरला. झाडाला बांधलेली मिरी, आणि मागच्या गवतात एक फाटका कान.

"नुसती जवळ येईल असं वाटलं होतं," दीर पुटपुटले. "मी हाकलणारच होतो. पण पायच उचलेना."

"आणि म्हाताऱ्याला घालवताना गप्प बसलास?" मालकीणबाई कडाडल्या. "नीघ इथून! तोंड दाखवू नकोस मला!"

मग त्या म्हातारबाकडे वळल्या. "तुम्ही कडी लावली होती, म्हातारबा. मला माफ करा. तुम्ही काहीच विसरला नव्हता."

वहिनींनी सुटकेचा श्वास सोडला आणि चहा ओतायला घेतला. म्हातारबाच्या चेहऱ्यावर मात्र काहीच उजळलं नाही. तो वन्संकडे वळला.

"म्हणजे ती बांधलेली होती?"

"हो," वन्सं म्हणाल्या.

"मी दार उघडं टाकलं असतं, तर बरं झालं असतं, बाई," म्हातारबा म्हणाला. "निदान पळाली तरी असती माझी पोर."